गागोद्याचा व्रतस्थ

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला गीताजयंती येते. आमच्या कर्जत-खालापूर भागात ह्या दिवसांत भाताची मळणी आटोपलेली असते, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर टाकलेला वाल हिरवा होऊन वर आलेला असतो, आणि कार्तिक वद्य एकादशीसाठी बोरघाट चढून आळंदीस गेलेल्या दिंड्या घरोघर परतलेल्या असतात. सुवासिनींचे गुरुवारचे घट मांडले जातात. खालापूर तालुक्यातील महाडच्या श्रीवरदविनायकासमोर हात जोडून कोणी पुढील वर्षाचा नवस बोलतो. ह्याच सुमारास वर माथेरानच्या जुन्या गिरिजाघरांत नाताळची तयारी चाललेली असते, आणि भिंतीवरील इंग्रजी दिनदर्शिका शेवटच्या पानावर आलेली असते.

आपल्याकडे कोणतीही पूजा संकल्पावाचून सुरू होत नाही. देश, काल, गोत्र, नाम उच्चारावयाचे, काय करणार ते सांगावयाचे आणि मग तळहातावरून उदक सोडावयाचे. ख्रिस्ती बांधव वर्षअखेरीच्या रात्री देवळात जमून गतवर्षाबद्दल क्षमा मागतात आणि येत्या वर्षासाठी देवापाशी वचनबद्ध होतात, त्याचा गाभा फारसा निराळा नाही. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये देवाशी केलेल्या कराराचे नूतनीकरण करण्याची एक उपासनाच घालून दिली, आणि पुढे ती वर्षारंभाशी जोडली गेली. आपण त्याला संकल्प म्हणतो, ते करार म्हणतात. दोन्हीकडे माणूस देवाला साक्ष ठेवून काळाची एक मर्यादा स्वतःवर घालून घेतो.

एका वर्षी ह्या दोन परंपरा एकाच दिवशी येऊन भेटल्या. १९७४ साली २५ डिसेंबरला नाताळ होता आणि गीताजयंतीही होती. त्या दिवशी वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या एका वृद्धाने एक वर्षाचे मौन स्वीकारले. हे वृद्ध म्हणजे आचार्य विनोबा भावे. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे हे त्यांचे जन्मगाव. त्यामुळे आम्ही त्यांना परके मानत नाही, आणि गीताजयंतीच्या ह्या पानावर त्यांच्या व्रतस्थ आयुष्याची कथा सांगणे आम्हांस उचित वाटते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. वडील नरहरपंत बडोद्यास असत. बालपणीची पहिली वर्षे गागोद्यास आजोबा शंभुराव यांच्या छायेत गेली. आजोबा मोठे व्रती. ते चांद्रायण करीत. शुक्ल पक्षात चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवावयाचा आणि कृष्ण पक्षात तसाच रोज एक कमी करावयाचा, असे हे कठीण व्रत. नातू ते डोळ्यांनी पाहत होता. गणेशचतुर्थीला आजोबा स्वतःच्या हाताने मूर्ती घडवीत, मुले चंदन उगाळून देत, आणि इतक्या प्रेमाने केलेली ती मूर्ती ठरल्या दिवशी विसर्जित होई. आवाहन आणि विसर्जन ह्या दोन गोष्टी एकाच भक्तीच्या अंगभूत आहेत, हे विनोबांना पुढे ग्रंथांतून शिकावे लागले नाही. एकदा पूजा चालू असता देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. मुलांनी ओरडा केला, मारावयास धावली. आजोबांनी त्यांना थांबविले, कारण तो देवाच्या आश्रयास आला होता. पूजा शांतपणे पुरी झाली आणि विंचू आपल्या वाटेने गेला.

आई रुक्मिणीबाई ह्या विनोबांच्या खऱ्या पहिल्या गुरू. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या मुलाला जेवू देत नसत. झाडावरचा फणस उतरला की त्याचे गरे आधी शेजारच्या घरांत जात, मग मुलांच्या हाती पडत. त्यांनी एकदा देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते. रोज त्या एकेक दाणा मोजून वाहत. नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ. त्यांनी सुचविले की, एक तोळाभर तांदूळ मोजून घ्यावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे जास्त घालावेत, म्हणजे काम लवकर होईल. त्या बिचाऱ्या गोंधळल्या आणि संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारले. मुलाने सांगितले की हा हिशेब तांदळाचा नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे एकदा स्मरण होते, आणि वजनात ते मोजता येत नाही. त्या माउलीचे समाधान झाले व मोजणी पूर्ववत् चालू राहिली. आमच्या मते विनोबांच्या साऱ्या साधनेची किल्ली ह्या प्रसंगात आहे. संख्या हवी, मुदत हवी, पण ती स्मरणाच्या सोयीसाठी.

दहाव्या वर्षाच्या सुमारास ह्या मुलाने आजन्म ब्रह्मचर्याचा निश्चय केला. असे निश्चय पुष्कळ मुले करतात आणि मिसरूड फुटेपर्यंत विसरतात. विनोबा विसरले नाहीत. बडोद्यास शिक्षण चालू असता आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास निघाले आणि २५ मार्च १९१६ रोजी सुरतेलाच उतरून काशीच्या गाडीत बसले. घरी पत्र धाडले की परीक्षेला न जाता आपण दुसरीकडे जात आहोत. आईवडिलांच्या मनाचे त्या दिवशी काय झाले असेल, हे ज्यांच्या घरात तरणी मुले आहेत त्यांना सांगावयास नको. ओढ ब्रह्मज्ञानाची होती आणि हिमालयाचीही होती. परंतु काशीत गांधीजींच्या तेथील भाषणाचे वृत्त वाचनात आले, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली.

त्यानंतर आले ते वर्ष, ज्याची हकीकत आम्हांस विशेष मोलाची वाटते. १९१७ साली विनोबांनी गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली. प्रकृती सुधारणे हे एक कारण होते आणि वाईस राहून वेदान्ताचा अभ्यास पुरा करणे हे दुसरे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, जे पुढे केवलानंद सरस्वती झाले, त्यांच्याजवळ उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि त्यांवरील शांकरभाष्य ह्यांचे अध्ययन त्यांनी केले. परंतु केवळ विद्यार्थी म्हणून ते राहिले नाहीत. आश्रमाची व्रते त्यांनी बाहेरच्या जगात पाळून पाहिली. मसाले सोडले, पुढे मीठही सोडले. वस्तू मोजक्या ठेवल्या. स्वतः जात्यावर दळले. तरुणांचे मंडळ जमवून वाचनालय काढले व त्यासाठी लागणारा पैसा लोकांचे धान्य दळून मिळविला. महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी हिंडून त्यांनी गीतेवर प्रवचने केली. रायगड, सिंहगड, तोरणा हे किल्ले पाहिले.

१९१८ च्या फेब्रुवारीत, वर्ष संपत आले असता, त्यांनी गांधीजींना एक लांब पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे अगदी सावकाराला द्यावा तसा हिशेब आहे. काय वाचले, किती विद्यार्थ्यांना काय शिकविले, किती चाललो, काय खाल्ले, कोणते व्रत कितपत पाळले, हे सारे क्रमवार. तरीही त्यात फुशारकीचा एक शब्द सापडत नाही, कारण लिहिणारा पित्यापुढे उभा आहे. गांधीजी पत्र वाचून हरखले आणि गोरखनाथाने मच्छिंद्रनाथावर मात केल्याची कथा त्यांना आठवली. विनोबा ठरल्या मुदतीस आश्रमात परत हजर झाले. आम्ही पाहतो, वर्षारंभी संकल्प करणारे पुष्कळ असतात. वर्षअखेर वही उघडून बसणारे क्वचित. विनोबांच्या ठायी वही उघडण्याचे धैर्य बाविसाव्या वर्षी होते.

त्याच साली २४ ऑक्टोबरला आई गेली. तिची एक इच्छा राहून गेली होती. गीता तिला समजून घ्यावयाची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि वामनपंडितांचे समश्लोकी भाषांतर जड वाटले. तिने मुलालाच सांगितले होते की, तूच ती मराठीत का करीत नाहीस. ह्या मागणीला कोणतीही मुदत नव्हती, म्हणून विनोबांनी घाईही केली नाही. बारा वर्षे लोटली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे पाच वाजता वर्ध्यास त्यांनी लेखणी हाती घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीताई पुरी झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर सांगितलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. आज जी गीता-प्रवचने आपण वाचतो ती हीच. गीताई मात्र त्या माउलीच्या कानांवर कधीच पडली नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून आम्ही तो धावता सांगतो. १९२१ मध्ये वर्धा आश्रमाची जबाबदारी, १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले सत्याग्रही म्हणून निवड, वारंवार तुरुंगवास. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी जमीन मागितली, तेव्हा रामचंद्र रेड्डी ह्या जमीनदाराने सभेतच १०० एकर देऊ केली, आणि भूदानाचा जन्म झाला. मग तेरा वर्षे पायी भारतभ्रमण.

ह्या यज्ञातही विनोबांनी आकडा ठरविला होता. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर. प्रत्यक्षात मिळाली ती सुमारे ४२ लाख एकर, आणि त्यांतील पुष्कळशी लागवडीस निरुपयोगी किंवा वाटपावाचून पडून राहिलेली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संकल्प अपुरा राहिला. परंतु १९५७ च्या एप्रिलमध्ये मुदतीचे वर्ष चालू असता विनोबा कन्याकुमारीला सागरापुढे उभे राहिले आणि ग्रामस्वराज्य होईपर्यंत चालत राहण्याची त्यांनी नवी प्रतिज्ञा केली. वाहावयाचे तांदूळ संपले नव्हते, इतकेच.

सर्वोदय हा शब्द आपण आज सहज उच्चारतो, पण त्याचे मूळ पुष्कळांना ठाऊक नसते. जॉन रस्किन ह्या इंग्रज लेखकाच्या ज्या पुस्तकाचा सारांश गांधीजींनी १९०८ मध्ये गुजरातीत सर्वोदय ह्या नावाने दिला, त्या पुस्तकाचे शीर्षक येशूच्या एका दृष्टांतातून घेतलेले आहे. द्राक्षमळ्याचा धनी सकाळी आलेल्या मजुराला आणि दिवस मावळताना आलेल्या मजुराला सारखीच मजुरी देतो, असा तो दृष्टांत. ज्याला दिवसभर कोणी कामावर घेतले नाही, त्याच्याही घरी रात्री चूल पेटावयाची असते, हे त्या धन्याने पाहिले. भूमिहीनांसाठी दारोदार हिंडणाऱ्या विनोबांच्या चळवळीचे नाव असे दुरून, बायबलातून, गांधीजींच्या हातून त्यांच्याकडे आले होते.

विनोबांनी पुढे नव्या कराराचे बारकाईने परिशीलन करून ख्रिस्तधर्म-सार ही वचनांची निवड सिद्ध केली. कुराण-सार, धम्मपदाची नवी मांडणी, जपुजी ह्यांच्या पंक्तीतलेच हे काम. वाचकांपैकी कोणास प्रश्न पडेल की, गीताईकाराला ह्याची गरज काय होती. आमचे उत्तर असे की, गागोद्याच्या घरात जे त्यांनी पाहिले, तेच त्यांना तेथे सापडत होते. येशूने डोंगरावर शिष्यांना जो उपदेश केला त्यात दान गुप्त ठेवण्यास सांगितले आहे, इतके की उजव्या हाताचे डाव्यास कळू नये. प्रार्थना दार लावून करावयाची. उपवासाच्या दिवशी तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून लोकांत मिसळावयाचे, म्हणजे व्रत कोणाच्या लक्षात यावयाचे नाही. आमच्या आजी-पणजी एकादशीला असेच वागत. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या उपाशी आहेत हे सुनांना कळे. आणखी एके ठिकाणी येशूने सांगितले आहे की, बुरूज बांधावयाचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. वाईहून हिशेबाचे पत्र लिहिणाऱ्या माणसाला हा उपदेश किती जवळचा वाटला असेल!

ही जवळीक ग्रंथापुरती राहिली नाही, आणि येथेच विनोबांच्या भक्तीची कसोटी लागली. १९५५ मध्ये ते जगन्नाथपुरीस गेले, तेव्हा पदयात्रेत एक फ्रेंच भगिनी होत्या. त्यांना मंदिरात सोडण्यास नकार मिळाला, तेव्हा विनोबाही दाराशीच हात जोडून परतले. १९५७ मध्ये केरळात गुरुवायूर येथे ख्रिस्ती सहकारी बरोबर असल्यामुळे पुन्हा तोच प्रसंग आला, आणि पुन्हा ते दर्शनावाचून निघाले. परंपरेचा मान राखणाऱ्या पुजाऱ्यांविषयी त्यांनी कडवटपणा धरला नाही. बळाने आत शिरण्याचा विचारही केला नाही. केवळ सोबत्याला बाहेर उभे करून आपण देव पाहावयाचा नाही, एवढे त्यांनी ठरविले होते. जन्मभर श्रीजगन्नाथाचे नाव घेणाऱ्या माणसाने त्याच्या दारातून माघारी फिरावे, ह्यातील वेदना भाविकांस सांगावयास नको.

१९५८ च्या मे महिन्यात सर्वोदय संमेलनासाठी ते पंढरपुरास आले. ज्या मंदिराचे दार अस्पृश्यांना मोकळे व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावले होते, तेथे विनोबा आता काय करतात, ह्याविषयी गावात नाना तर्क चालले होते. विनोबांनी काहीच केले नाही. मंदिराच्या सेवेकऱ्यांकडूनच त्यांना लेखी निमंत्रण आले, आणि मुसलमान व ख्रिस्ती सोबत्यांसह ते विठोबाच्या पायांशी पोहोचले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतील आसवे थांबत नव्हती. रखुमाई हे त्यांच्या आईचेही नाव होते.

विनोबांचा एक विशेष आमच्या ध्यानात आला आहे. ते आपल्या आयुष्यातील तारखा सांभाळत, जसे आपण तिथी सांभाळतो. ज्या २५ मार्चला घर सोडले, त्याच २५ मार्चला १९५९ मध्ये पवनारला स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. गांधीजींच्या पहिल्या भेटीस पन्नास वर्षे झाली त्या ७ जून १९६६ रोजी त्यांनी स्थूल कार्यातून सूक्ष्मात प्रवेश केल्याचे जाहीर केले. गीताई जिला सुरू झाली त्या ७ ऑक्टोबरला, १९७० मध्ये, क्षेत्रसंन्यास घेऊन ते पवनारला स्थिर झाले. तेव्हा १९७४ च्या नाताळात गीताजयंतीही आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

ते मौन मात्र शांततेत पार पडले नाही. देशात जयप्रकाशजींचे आंदोलन पेटले होते आणि सर्वोदय परिवारात त्यावरून फूट पडली होती. मौनाच्या सहाव्या महिन्यात, २५ जून १९७५ रोजी, आणीबाणी आली. जयप्रकाशजी कारावासात गेले. पवनारच्या ऋषीकडे सारा देश पाहू लागला आणि तेथून महाभारतातील अनुशासनपर्वाचे नाव तेवढे बाहेर आले. राज्यकर्त्यांनी ते आणीबाणीच्या समर्थनार्थ मिरविले. जवळचे कित्येक कार्यकर्ते दुखावले आणि काही कायमचे दुरावले. २५ डिसेंबर १९७५ रोजी, वर्ष पुरे होताच, विनोबा बोलले. शासन हे राज्यकर्त्यांचे असते आणि अनुशासन हे निर्भय, निष्पक्ष आचार्यांचे, असा भेद त्यांनी सांगितला. परंतु सहा महिन्यांचा काळ लोटून गेला होता.

ह्याविषयी आमच्या मनातही द्वंद्व आहे. देवापाशी वर्षाचा करार केला असता मध्येच तो मोडावा काय? भीष्मांनी आपली प्रतिज्ञा मोडली नाही, आणि द्रौपदीने भर सभेत त्यांनाच प्रश्न विचारला. श्रीकृष्णाने मात्र शस्त्र न धरण्याचा पण भक्तासाठी बाजूस ठेवून रथाचे चाक उचलले. येशूनेही शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्याला बरे केले, तेव्हा नियमाचे रक्षक त्याच्यावर रुष्ट झाले. विनोबांना ह्या कथा आपल्याहून अधिक ठाऊक होत्या. तरी ते वर्ष पुरे होईपर्यंत बोलले नाहीत. त्यांना दोष देणारे आणि त्यांच्यापुढे नम्र होणारे असे दोन्ही प्रकारचे सज्जन आहेत. आम्ही एवढेच म्हणू की, पळवाट म्हणून त्यांनी मौन धरले, हा आरोप त्यांच्या चरित्राशी जुळत नाही. अशी व्रते ते दहाव्या वर्षापासून पाळत आले होते.

१९८२ च्या कार्तिकाच्या तोंडाशी हृदयविकाराचा झटका आला. थोडा उतार पडताच, ८ नोव्हेंबरपासून, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सारे थांबविले. डॉक्टरांनी विनविले, पंतप्रधान इंदिराजी भेटीस आल्या, पवनारच्या ब्रह्मचारिणींनी डोळे पुसले. विनोबांच्या मुखी रामहरी चालले होते. आजोबांनी केलेल्या मूर्तीचे विसर्जन ज्या सहजतेने होत असे, त्याच सहजतेने देहाची तयारी चालली होती. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या अमावास्येस, महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास श्वास थांबला. धाम नदीच्या काठीच त्यांना अग्नी देण्यात आला. दुसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा पाडवा होता.